गोझोतलं स्कुबा : पाणी एक नंबर, पण सिलिंडर आपणच उचलायचा

आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना वेळ नाही त्यांनी इथूनच परत फिरावं. माल्टा देशातलं गोझो बेट आणि तिथलं स्कुबा डायव्हिंग, माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क कापलाय तो खडकाळ वाटेचा आणि बिलातल्या बारीक अक्षरांचा. नुसते मासे बघायला जाणार असाल तर जाऊ नका, सरळ मुर्डेश्वरला जावा, नेत्राणी बेट आहे तिथं, बेळगावातनं रात्री निघालं की सकाळी पोचतोय आणि पैसे पण वाचतात. पण स्वच्छ पाणी म्हणजे काय चीज असते, पाण्याखाली डोंगराचा कडा कसा दिसतो आणि हे सगळं काम नियमात राहून कसं करतात, हे बघायचं असेल तर मग गोझो. लई लांब आहे, लई खर्च आहे, तरी गोझो.

मी बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिकच्या धंद्यात. दिवसभर व्हॉल्व्ह, पंप, ओ-रिंग (जोड गळू नये म्हणून बसवायची रबरी कडी), बार (दाबाचं माप) हीच भाषा. त्यामुळं हा रिव्ह्यू थोडा मशीनवाल्याच्या डोळ्यानं लिहिलाय, कुणाला कंटाळा आला तर मधला भाग सोडून पुढं जावा.

माल्टा कुठं आहे ते सांगतो कारण जायच्या आधी मलाच गल्लीत दहा जणांना सांगावं लागलं. इटलीच्या पायाशी सिसिली बेट आहे ना, त्याच्या खाली, भूमध्य समुद्राच्या मधोमध. मोठं बेट माल्टा, त्याच्या वर गोझो आणि दोघांच्या मधे चिमुकलं कोमिनो. आमचा मेव्हणा तिकडं हॉटेलात किचनला आहे, त्याचा कधीपासून धोशा, "भावजी, एकदा येऊन जावा की, नुसतं मालवण मालवण काय करूलालाय." मग काय, सांबऱ्याहून मुंबई आणि तिथनं पुढं विमानं बदलत बदलत माल्टा. व्हिसा शेंगेनचा लागतो, फी 90 युरो, कागद भरपूर, आणि प्रवासाचा विमा काढावाच लागतो. पण तो साधा विमा डायव्हिंगला बऱ्याचदा चालत नाही हे लक्षात ठेवा, पॉलिसीत बारकाईनं वाचा, नाहीतर डॅनचा (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, डायव्हरांची संस्था) वेगळा डायव्हिंगचा विमा काढा. तो मी काढला होता. डायव्हिंग सेंटरवर पहिल्याच दिवशी विचारलं.

माल्टाहून गोझोला फेरीबोट, चिरकेव्वा बंदरातनं, पंचवीस मिनिटात पलीकडं. गंमत म्हणजे जाताना तिकीट कुणी मागत नाही, परत येताना घेतात, बेटावरनं परत तर यायलाच लागतंय, पळून जाणार कुठं! गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूनं चालतात, प्लग तेवढे इंग्रजी तीन चौकोनी पिनांचे, अॅडाप्टर इथनंच घेऊन जावा. सगळीकडं पाट्या माल्टी आणि इंग्रजीत, दोन्ही सरकारी भाषा, आणि इतक्या दिवसात एकाही पाटीला कुणी काळं फासलेलं दिसलं नाही. बेळगावकरांना जास्त सांगायला नको.

आता पाणी. मालवणात किल्ल्याजवळ उतरलाय तुम्ही? गाईड दोन हातावर असला तरी दिवस वाईट असेल तर हिरवट धुक्यात गायब होतो. त्यात मालवणचा काही दोष नाही, सह्याद्रीवर एवढा पाऊस, सगळ्या नद्या माती घेऊन समुद्राला मिळतात. माल्टात बारमाही नदीच नाही. एकही नाही. माती येणार कुठनं? शिवाय भूमध्य समुद्राच्या पाण्यात खतच कमी, म्हणजे मासे ज्याच्यावर पोसतात ते बारीक शेवाळ-प्लँक्टन कमी, त्यामुळं पाणी काचेसारखं. चांगल्या दिवशी तीस मीटर लांबचा माणूस दिसतो, त्याच्या पायातल्या फिन्स पिवळ्या की निळ्या ते सुद्धा सांगता येतं. पण याच कारणानं मासा पण कमी. म्हणजे एकाच गोष्टीचे हे दोन टोक आहेत, पाणी गोझोचं आणि मासे अंदमानचे असं कॉम्बो कुठं मिळत नाही. जे लोक परत येऊन "मासेच नव्हते हो, पैसे बुडाले" म्हणतात त्यांना कुणीतरी हे जायच्या आधी सांगायला पाहिजे होतं, म्हणून मी सांगतोय.

आणि खारटपणा. भूमध्य समुद्र जवळजवळ बंद, पाऊस-नद्या कमी आणि ऊन जास्त, वाफ होऊन जाते पाणी आणि मीठ मागं राहतं. आपल्याकडं लिटरला 35-36 ग्रॅमच्या आसपास, तिथं 38. ऐकायला किरकोळ वाटतं पण अंग वर फेकतं पाणी. त्यात वेटसूट (रबरी पोशाख) 5 मिलिमीटरचा जाड, तो पण तरंगतो, म्हणून कमरेला शिसं इकडच्यापेक्षा जास्त बांधावं लागतं. गाईडनं आधी उथळ पाण्यात उभं करून वजन तपासलं. फुफ्फुसात नेहमीसारखा श्वास घेऊन उभं राहायचं, पाणी डोळ्याच्या पातळीला आलं पाहिजे, मग बरोबर. अंदाजपंचे काही नाही.

सेंटर मार्सलफोर्नच्या खाडीवर होतं, छोटंसं, नाव लिहीत नाही कारण पुढं तक्रारी पण करणार आहे. गेल्या गेल्या हातात एक फॉर्म दिला. दमा आहे का, बीपीची गोळी चालू आहे का, कानाचं ऑपरेशन, सायनस, सगळं. एका जरी प्रश्नाला "हो" म्हणालात की डॉक्टरची सही पाहिजे, नाहीतर पाण्यात उतरवत नाहीत. इथं आपल्या लोकांची सवय, सगळीकडं "नाही नाही" टिक मारायची आणि मोकळं व्हायचं. करू नका असं. टिळकवाडीतल्या आपल्या रोजच्या डॉक्टरकडनं इंग्रजीत फिटनेस सर्टिफिकेट घेऊन जावा, तिकडं डॉक्टर गाठायचा म्हणजे दिवस जातो आणि युरो पण जातात. आमच्या शेजारी एक गृहस्थ होते, कुठल्या देशाचे ते कळालं नाही, बीपीची गोळी म्हणून लिहिलं आणि मग काउंटरवर वाद घालत बसले. सेंटरवाले हसत हसत, पण ठाम. डॉक्टरची सही आणा, उद्या या.

आता माझा आवडता भाग. तिथं तुमचं किट तुम्हालाच जोडायला लावतात. इकडं किल्ल्याजवळच्या पर्यटकी डाईव्हला आपण फक्त उभं राहायचं, ते पोरगं सगळं अंगावर चढवतं आणि हात धरून खाली नेऊन आणतं. गोझोत सिलिंडर स्टीलचा, 12 लिटरचा, 200 बारनं भरलेला. इकडं मी वापरलेले अॅल्युमिनियमचे होते आणि त्यावर रेग्युलेटर (ज्यातनं तोंडानं हवा घेतो ते यंत्र) शिकंजासारखा वरनं आवळायचा. तिकडं डिन फिटिंग, म्हणजे रेग्युलेटर व्हॉल्व्हच्या आत थ्रेडनं फिरवून बसवायचा, ओ-रिंग आत कैद होते, निसटायचा प्रश्नच नाही. ज्यानं हे डिझाईन केलं त्याला सलाम. आम्ही 200 बारवर रोज काम करतो पण आमचं तेल असतं, तेल फुटलं तर गळतं, हवा फुटली तर काय होतं ते हवा कॉम्प्रेस करणाऱ्याला विचारा.

एका रेग्युलेटरच्या जोडातनं बारीक सूंsss आवाज येत होता. मी बोट दाखवायच्या आत गाईडनं ऐकला. पोरगी असेल पंचविशीतली, तिनं व्हॉल्व्ह बंद केला, प्रेशर सोडलं, रेग्युलेटर उघडला आणि खिशातनं पितळेचा छोटा हुक काढून ओ-रिंग बाहेर घेतली. पितळेचा! लोखंडाचा घेतला तर खाचेला ओरखडा पडतो आणि मग कितीही नवी रिंग बसवा, गळत राहणार. हे आमच्या शॉपमधल्या पोरांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं. तिनं ती रिंग उजेडात धरून ताणली, बारीकशी चीर होती, टाकली, नवी बसवली, परत आवाज ऐकला, मगच पुढं. मी तिथंच ठरवलं की हिच्याबरोबर कुठं पण उतरायला हरकत नाही. नंतर कॉम्प्रेसरची खोली पण दाखवा म्हणालो, दाखवली, फिल्टर कधी बदलला त्याची तारीख भिंतीवर लिहिलेली. सिलिंडरमधल्या हवेचा वास घेतला, तेलाचा वास अजिबात नाही. ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांनी एवढं तरी करावं, व्हॉल्व्ह किंचित उघडून नाकानं हवा घ्यावी, तेलकट किंवा धुराचा वास आला तर सरळ नाही म्हणावं.

हवा किती पुरते हे लोक फार विचारतात म्हणून हिशोब. 12 लिटर गुणिले 200 बार म्हणजे 2400 लिटर हवा. पण 50 बार शिल्लक ठेवून वर यायचं असतं, म्हणजे वापरायला 1800. जमिनीवर मिनिटाला 20 लिटर ओढणारा माणूस 10 मीटर खाली गेला की प्रेशर दुप्पट, म्हणून 40 ओढतो, 18 मीटरवर 2.8 पट, म्हणजे 56. तिथंच राहिलात तर अर्ध्या तासात खेळ खलास. म्हणून तर सावकाश श्वास, हातपाय मारायचे नाहीत. पहिल्या डाईव्हला माझा काटा सगळ्यात आधी खाली आला, विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेला माणूस, हातपाय मारल्याशिवाय राहतोय कुठं.

आता जागा. द्वेय्रा म्हणून पश्चिमेचा किनारा आहे, तिथलं ब्लू होल. खडकात निसर्गानंच पाडलेलं गोल भोक, साधारण 10 मीटर रुंद आणि 15 मीटर खोल, वरनं बघितलं तर गडद निळं. गाडी वर थांबते आणि तिथनं अंगावर सगळं चढवून खाली चालत जायचं. इथंच माझा अर्धा मार्क गेला. भरलेला स्टीलचा सिलिंडर, शिसं, जाकीट, सगळं मिळून पंचवीस किलोच्या पुढं, पायाखाली धारदार चुनखडी, डोक्यावर ऊन आणि अंगात 5 मिलिमीटरचं रबर. गुडघे दुखणाऱ्यांनी नीट विचार करा. बोटीवरनं उडी मारायची सवय असलेल्यांना हे झेपत नाही, आणि गोझोत बहुतेक डाईव्ह अशाच किनाऱ्यावरनं असतात. मेव्हणा वर कॅमेरा घेऊन उभा, मला म्हणतोय "भावजी, हसा की जरा!" माझ्या तोंडातनं जे आलं ते इथं लिहिता येणार नाही.

पण एकदा पाण्यात शिरलं की सगळं माफ. वजन जातं. भोकातनं खाली आठेक मीटरवर एक मोठी कमान आहे, त्या कमानीतनं बाहेर पडलं की समोर एकदम उघडा समुद्र आणि बाजूला सरळ खाली गेलेला कडा. खाली तळ दिसत नाही, नुसता निळा रंग गडद होत जातो. पोटात गोळा आला माझ्या, उंचावर उभं राहिल्यावर येतो तसाच, आणि तो तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला गेला, मग मात्र पाणी सोडून वर यायलाच नको वाटत होतं. वळून मागं बघायला विसरू नका, गाईड सांगते पण लोक विसरतात. कमानीतनं मागं बघितलं की आतल्या भोकातनं उन्हाचे पट्टे खाली उतरलेले दिसतात आणि त्यात दुसऱ्या ग्रुपचे बुडबुडे चढत असतात.

त्याच्याच बाहेर अझुर विंडो होती. दगडाची प्रचंड कमान, समुद्रात पाय टाकून उभी, माल्टाच्या सगळ्या पोस्टकार्डावर तिचाच फोटो. 8 मार्च 2017 ला वादळात पडली. पडली म्हणजे काहीच उरलं नाही, वर नुसतं आभाळ. आता तिचे तुकडे खाली पडलेत आणि त्यांच्यातनं पोहता येतं. घराएवढे दगड, कडा अजून ताज्या कापल्यासारख्या, भेगांमधनं मासे घर करून बसलेत. मला हा भाग ब्लू होलपेक्षा जास्त आवडला, खरं सांगतो. दगड कसा तुटतो हे कास्टिंगवाल्या माणसाला बघायला आवडतंच. बरेच दगड माझ्या कार्डावर (डायव्हिंगचा कोर्स केल्याचं कार्ड) जेवढ्या खोलीची परवानगी आहे त्याच्या खाली आहेत, ते वरनंच बघायचे.

जवळच इनलँड सी. समुद्राचा एक तुकडा डोंगरानं आत अडवून ठेवलाय, छोटं तळं म्हणा, आणि ते बाहेरच्या समुद्राला 80 मीटरच्या बोगद्यानं जोडलेलं. आत शिरताना उथळ, बाहेर पडताना खोल. वरनं टुरिस्टांच्या बोटी जात असतात, त्यामुळं बोगद्यात वर यायचं नाही म्हणजे नाही, तळाजवळनं जायचं आणि इंजिनाचा आवाज आला की आणखी सावध. टॉर्च लागतो. मधे बराच अंधार आहे आणि मग समोर एक निळी उभी फट दिसते ती हळूहळू मोठी होत जाते. माझं कार्ड ओपन वॉटर, म्हणजे 18 मीटरपर्यंतच, तर गाईड सारखी माझ्या डाईव्ह कंप्युटरकडं (खोली दाखवणारं यंत्र) बघून हात वर करून मला वर ठेवत होती. डोळ्यात तेल घालून काम करते पोरगी.

बुडवलेली जहाजं बघायची हौस असेल तर शट्ट-ल-अहमारला कारवेला आणि कोमिनोलँड ही दोन जुनी प्रवासी जहाजं 2006 ला मुद्दाम डायव्हरसाठी बुडवलीत. खोलीमुळं ती मला नाही म्हणाले, त्याला अॅडव्हान्स्ड कार्ड पाहिजे. आमच्या ग्रुपमधला एकजण जादा पैसे देतो म्हणाला, तरी नाही. हे मला फार बरं वाटलं. आपल्याकडं "अॅडजस्ट करून घेऊया सर" म्हणाले असते.

माझ्यासारख्या 18 मीटरवाल्यांसाठी एक बुडालेलं जहाज मात्र माल्टा बेटावर आहे, व्हॅलेटा शहराच्या कडेला, एचएमएस माओरी. ब्रिटिशांची विनाशिका, दुसऱ्या महायुद्धात 1942 च्या फेब्रुवारीत जर्मन विमानांनी बंदरातच बुडवली, नंतर ती तिथनं हलवून बाजूला आणून टाकली. 15 मीटरच्या आसपास, म्हणजे नवशिक्यालाही चालतं. अर्धंच उरलंय, वाळूत रुतलेलं, पत्रा कुजलाय, आतनं मासे ये-जा करतात. त्या काळात माल्टावर एवढे बॉम्ब पडले की इंग्लंडच्या राजानं अख्ख्या बेटालाच शौर्यपदक दिलं, जॉर्ज क्रॉस, तो आज पण त्यांच्या झेंड्यावर आहे. आणि आपल्या कॅम्पातनं येता-जाता मराठा सेंटर बघणाऱ्यांना हे पण सांगतो की त्याच युद्धात पलीकडं इटलीत मराठा लाईट इन्फंट्रीचे जवान लढत होते, यशवंत घाडगे यांना 1944 च्या आणि नामदेव जाधव यांना 1945 च्या लढाईबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे तर तिथंच गेले. मेव्हण्याला हे माहीत नव्हतं, सांगितल्यावर बराच वेळ गप्प होता.

माओरीचा डाईव्ह मात्र फसला, आणि दोष जहाजाचा नाही. हे दुसऱ्या सेंटरबरोबर केलं होतं, माल्टा बाजूच्या, स्वस्त मिळालं म्हणून मेव्हण्यानं बुक केलेलं. एका गाईडमागं आठ जण, त्यातले निम्मे पहिल्यांदा वाळूवर आलेले. सगळ्यांनी फिन्स मारून तळ ढवळून काढला, पाच मिनिटात गढूळ, समोर जहाज आहे की कुणाचा ढुंगण हेच कळेना. ब्रीफिंग पण दोन मिनिटात उरकलं. गोझोतलं ब्रीफिंग खडूनं फळीवर नकाशा काढून, कुठनं जायचं, किती बारला वळायचं, हरवलं तर काय, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, सगळं. फरक पैशात दहा-पंधरा युरोचा असेल, पण कामात जमीन-अस्मानाचा.

बायकोचं सांगायचं राहिलं. तिला पोहायला येत नाही, पाण्याची भीती, आणि पहिल्या दिवशी स्पष्ट सांगितलं, "तुम्ही जावा खाली, मी हितंच उन्हात बसतो." मजार-इश-शिनी म्हणून दक्षिणेला चिंचोळी खाडी आहे, दोन्ही बाजूला डोंगर, पाणी शांत. तिथं नवख्यांना पहिला अनुभव देतात. गाईडनं जबरदस्ती केली नाही, नुसता मास्क हातात दिला, म्हणाली गुडघाभर पाण्यात वाकून बघ फक्त. बघितलं. मग कमरेएवढ्या पाण्यात तोंडात रेग्युलेटर धरून श्वास. मग गुडघ्यावर बसून. नवख्यांना 12 मीटरच्या खाली नेतच नाहीत, ही तर पाचेक मीटरपर्यंतच गेली, एकावर एक गाईड, हात सोडला नाही. वर आली ती ओरडतच, "अवो, मी आठ पायाचं बघितलो! रंग बदलतोय त्यो!" ऑक्टोपस. मला अख्ख्या ट्रिपमध्ये एकच दिसला, तो पण पळताना, आणि हिला पहिल्या डुबकीत. नशीब एकेकाचं.

बाकी मासे असे. काळ्या-निळ्या डॅमसेल माशांचे थवे सगळीकडं, गवतावर चरणारे साल्पा म्हणून सोनेरी रेघांचे मासे कळपानं, पोपट मासा, कपारीत मोठा ग्रुपर (आपला गोब्रा, त्याचा भाऊबंद), आणि एकदा लांबनं बाराकुडाचा थवा. तळाला पोसिडोनिया नावाचं गवत, हे शेवाळ नव्हे, खरी वनस्पती, हिला मुळं असतात, फुलं येतात. त्याच्यावर उभं राहायचं नाही, नांगर टाकायचा नाही, कडक आहेत त्या बाबतीत. खडकावर केसाळ लाल-हिरवा सुरवंट दिसला तर हात लावू नका, फायरवर्म, त्याचे केस कातडीत घुसतात आणि आग आग होते. आणि जांभळी जेलीफिश. छोटी असते, पण चावा जबर. गाईड उतरायच्या आधी पाण्याकडं बघून घेतात.

वाऱ्याचं पण समजून घ्या. तिथं मज्जिस्त्राल म्हणून वायव्येचा वारा फार, तो सुटला की द्वेय्रा बंद. पण बेट एवढंसं आहे की मग गाडी दक्षिणेला वळवतात, तिथं पाणी शांत. कुठं जायचं ते सकाळी ठरतं, आदल्या रात्री नाही. आम्हाला एक दिवस सगळीकडंच लाटा होत्या, सेंटरनं स्वतःहून रद्द केलं आणि पैसे पुढच्या दिवसात वळते केले, एक शब्द बोलावा लागला नाही. भरती-ओहोटी मात्र जवळजवळ नाहीच, मालवणसारखं वेळ बघत बसायला लागत नाही. पाणी ऑगस्ट-सप्टेंबरला 26 डिग्रीच्या आसपास, मस्त. फेब्रुवारी-मार्चला 15, तेव्हा जाणाऱ्यांना माझा नमस्कार.

आता पैसे आणि तक्रार. एका गाईडेड डाईव्हला गिअर धरून 50 युरोच्या आसपास पडतं, पॅकेज घेतलं तर कमी. आपल्या हिशोबात एका डाईव्हला पाच हजार, तेवढ्यात दोघांचं मालवण होतंय, हे मान्य. माझी तक्रार आकड्याची नाही, सांगण्याच्या पद्धतीची. वेबसाईटवर जो रेट मोठ्या अक्षरात आहे तो नुसत्या सिलिंडर आणि शिशाचा. वेटसूट, जाकीट, रेग्युलेटर, कंप्युटर वेगळं. टॉर्च वेगळा. हॉटेलवरनं न्यायला येणं वेगळं. शेवटच्या दिवशी बिल बघून आमच्या हिनं नुसतं माझ्याकडं बघितलं. विचारल्यावर काउंटरवरचा म्हणतो, खाली लिहिलंय सर. लिहिलं होतं, भिंगातनं बघावं एवढ्या अक्षरात. एवढं चांगलं काम करणाऱ्यांनी असं का करावं कळत नाही. फोटोचं पॅकेज तर घेऊच नका, चांगले फोटो चार आणि बाकीच्यात माझे पाय.

खाणं स्वस्तात उरकतं. पास्तिझ्झी म्हणून कुरकुरीत पापुद्र्याची पुडी असते, आत चीज नाहीतर वाटाणा, नाश्त्याचं काम होऊन जातं. ससा तिथं कौतुकानं खातात, आम्ही नाही म्हणालो. आम्ही इथनं कुंदा नेला होता, सेंटरवर डबा उघडला तर कॉम्प्रेसरवाला म्हातारा तीन वेळा आला.

बेळगाव-खानापूर-निपाणीकडनं कुणी जाणार असेल तर माझा सल्ला, कोर्स तिकडं करू नका, इकडं करून जावा. अंबोली उतरली की मालवण, आणि तारकर्लीला एमटीडीसीची स्कुबाची संस्थाच आहे, रीतसर शिकवतात. ओपन वॉटरला 200 मीटर पोहणं आणि 10 मिनिटं तरंगणं यावं लागतं, तेवढं आपल्या कुठल्याही विहिरीतल्या पोराला येतं. कार्ड हातात असलं की तिकडचे महागडे दिवस वर्गात न जाता पाण्यात जातात. पावसाळ्यात कोकण बंद असतं आणि तेव्हाच भूमध्यात सीझन, म्हणजे मे पर्यंत इकडं शिकायचं आणि सप्टेंबरला तिकडं, बरोबर जुळतं.

परतीच्या आदल्या दिवशी डाईव्ह ठेवू नका. सलग डाईव्ह झाल्यावर विमानात बसायला निदान 18 तास थांबावं लागतं, रक्तात विरघळलेला नायट्रोजन हा काही गमतीचा विषय नव्हे. तो दिवस व्हॅलेटात फिरायला ठेवा. आणि सेंटरला ईमेल करताना तीन गोष्टी विचारा, एका गाईडमागं किती जण, रेट गिअर धरून की सोडून, आणि वाऱ्यानं रद्द झालं तर पैशाचं काय. उत्तर सरळ दोन ओळीत आलं तर बुक करा, गोल गोल फिरवलं तर शेजारच्याला विचारा, गोझोत डायव्हिंग सेंटरांना काही तोटा नाही.